वेशीपाशीचा आवाज

घरात सुतक नव्हते, आणि तरी त्या रात्री आमचा भाचा जेवायला आला नाही. २०२५ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. पितृपंधरवडा चालू होता. ताट वाढून हिने दोन वेळा हाक मारली, तिसऱ्यांदा मी उठून त्याच्या खोलीचे दार ढकलले. दिवा न लावता स्वारी पलंगावर बसली होती. कानांवर ती वाटीएवढी यंत्रे. "काय रे, कोणाचे काय झाले?" मी विचारले. त्याने एक कान मोकळा केला आणि म्हणाला, "मामा, तो गेला. तोसुद्धा मास्तर होता, तुमच्यासारखाच."

मी आपला समजलो, याच्या महाविद्यालयातले कोणी असेल. पण तो मास्तर स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा निघाला. टॉमस लिंडबर्ग त्याचे नाव. वय बावन्न. शाळेत समाजशास्त्र शिकवी, आणि उरलेल्या वेळी 'ॲट द गेट्स' नावाच्या मंडळीत उभा राहून घसा फाटेपर्यंत ओरडे. ज्या ओरडण्यावरून मी वर्षभर या पोराला बोलत आलो होतो, "अरे, शेजारी वाटेल की घरात कोणाला तरी बदडताहेत" असे म्हणत आलो होतो, ते ओरडणे या मास्तरांचे होते.

वाचकहो, दिवाळीचा फराळ पुढ्यात असताना असा विषय काढला म्हणून रागावू नका. मी कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना चित्रकला शिकवतो. संगीतातले मला कळते ते एवढेच की तंबोरा बेसूर लागला तर माझे दात शिवशिवतात. शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. तेव्हा हे परीक्षण कोणा अधिकारी पुरुषाचे नव्हे. एका भाच्याचे मन आपण विनाकारण दुखवले असे वाटून ज्याने पुढचे कित्येक महिने रात्री-अपरात्री ते संगीत ऐकले, त्या मामाचे हे मत आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगायला हवे. इंग्रजीत त्याला 'डेथ मेटल' म्हणतात. मृत्यूचे नाव ज्याला चिकटले आहे असे संगीत. अमेरिकेत १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या 'पझेस्ड' नावाच्या मंडळींनी आणि त्यांच्या मागोमाग फ्लॉरिडातल्या 'डेथ' नावाच्या मंडळींनी ते रूढ केले. विजेच्या गिटारीच्या तारा नेहमीपेक्षा खूप खाली उतरवायच्या, त्या इतक्या घट्ट आणि जलद छेडायच्या की सूर कमी नि कंप जास्त ऐकू यावा. ढोलवाला दोन्ही पायांनी दोन पायपेट्या दाबून घोड्याच्या टापांसारखा नाद काढतो. आणि गाणारा गात नाही. तो घशाच्या तळातून गुरगुरतो किंवा किंचाळतो. शब्द कळत नाहीत. हा आक्षेप मीही घेतला होता, त्यावर भाचा म्हणाला, "मामा, रात्री रेडिओवर तुम्ही तो ख्याल ऐकता, त्यातले शब्द मला सांगा बरे." मी गप्प बसलो. खरोखरच, विलंबित एकतालात बंदिशीची दुसरी ओळ काय ते आजवर मला कधी कळलेले नाही, आणि त्याने माझे काही अडलेलेही नाही.

हे लोण स्वीडनला पोचले ते टपालाने. रेडिओ त्याला हात लावीत नव्हता, दुकानांत ते मिळत नव्हते. मग पोरे एकमेकांना ध्वनिफिती पाठवीत. या गावच्या पोराने केलेली नक्कल त्या देशातल्या पोराला, त्याच्याकडून तिसऱ्याला. टपालखर्च वाचावा म्हणून तिकिटांवर साबण किंवा डिंक फासायचा, म्हणजे पलीकडच्याला शिक्का धुऊन तेच तिकीट परत वापरता येई! सोबत हौसेने काढलेली मासिके असत. आपल्या शाळांतून हस्तलिखित निघते ना, संपादक एक, लेखक तोच आणि चित्रकारही तोच, त्या जातीची. लिंडबर्ग हा या जाळ्यातला मोठा खटपट्या. अक्षरे काढण्याचा नाद त्याला होता. नॉर्वेतल्या 'डार्कथ्रोन' या मंडळींचे नामचिन्ह त्याने काढून दिलेले आहे. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी ते बारकाईने पाहिले. अक्षर वाचता येऊ नये, पण ओळखता यावे, अशी ती करामत आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत उतराव्यात तशी प्रत्येक रेघ खाली उतरते. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने असे काढले असते तर मी "वाचता येत नाही" म्हणून गुण कापले असते, हे येथे कबूल करतो.

गोथेनबर्ग हे बंदराचे गाव. एके काळी तेथे मोठमोठी जहाजे बांधली जात. मग ते कारखाने एकेक करून बंद पडले. पण त्या देशाची एक गोष्ट वाखाणण्याजोगी. नगरपालिकेच्या संगीतशाळा असतात, आणि पोरांना तालमीसाठी जागा व साहित्य मिळावे म्हणून सार्वजनिक पैशातून मदत होते. मग ती पोरे तेथे चर्चची गाणी बसवोत की मृत्यूची, कोणी विचारायला येत नाही. अशा गावात १९९० साली ही मंडळी जमली. लिंडबर्ग आणि गिटारवाला आल्फ स्वेन्सन हे दोघे आधीच्या एका मोडलेल्या मंडळीतून आलेले. अँडर्स आणि योनास ब्योर्लर हे जुळे भाऊ, वय सतरा, एकाची गिटार नि दुसऱ्याची खर्जाची गिटार. ढोलावर एड्रियन एरलँडसन. नाव घेतले 'ॲट द गेट्स'. मी त्याचे मनातल्या मनात भाषांतर 'वेशीपाशी' असे करून टाकले आहे. वेशीच्या आत की बाहेर हे नावात नाही, आणि तेच मला आवडले.

१९९२ साली त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली, 'द रेड इन द स्काय इज अवर्स'. आकाशातला तांबडा रंग आमचा आहे, असे काहीसे. जाणकार लोक या तबकडीला कच्ची म्हणतात, आणि ती कच्ची आहेच. एकेका गाण्यात दहा दहा वेळा दिशा बदलते. गिटारी एकमेकींशी भांडतात, मध्येच सगळे थांबते आणि कुठून तरी व्हायोलिन येते. हो, व्हायोलिन! मृत्यूच्या आरडाओरडीत व्हायोलिन घालण्याचे धाडस करणारी ती पोरे विशीच्या आसपासची होती. मला ऐकताना माझी पहिली कादंबरी आठवली. तीत मी आमच्या गावची पाण्याची टंचाई, आजोबांचा बांधाचा खटला, एक फसलेले प्रेम, आणि वर दोन स्वप्ने एवढे सगळे कोंबले होते. संपादकांनी सत्तर पाने कापली तेव्हा मी आठवडाभर रुसून बसलो होतो. आज वाटते, कापले ते ठीकच. पण त्या सत्तर पानांत जो मी होतो तो पुन्हा काही कोणाला दिसला नाही.

या विचित्रपणाचा धनी होता आल्फ स्वेन्सन. १९९३ च्या दुसऱ्या तबकडीनंतर तो बाहेर पडला, त्याच्या जागी मार्टिन लार्सन आला, आणि रचनेची सूत्रे जुळ्या भावांकडे गेली. १९९४ ची 'टर्मिनल स्पिरिट डिसीज' ऐकली की सुताराने फळीवरून रंधा फिरवल्यासारखे वाटते. गाणी आखूड झाली, तोंडवळा स्पष्ट झाला. दोन्ही गिटारींतून आता एक सलग, उदास चाल ऐकू येऊ लागली. उत्तरेकडच्या लोकांच्या जुन्या लोकगीतांत असते तशी. ही चाल या गावाची खास देणगी. त्याच गावची 'इन फ्लेम्स' आणि 'डार्क ट्रँक्विलिटी' ही मंडळीही तिच्यामागे लागली होती, आणि पुढे त्या साऱ्या घराण्याला गोथेनबर्गचेच नाव पडले. राजधानी स्टॉकहोममधल्या मंडळींचा बाज वेगळा. त्यांच्या गिटारी लाकूड कापायच्या करवतीसारख्या घरघरतात. भाच्याला हा फरक दोन सुरांत कळतो. मला कळायला महिना लागला.

मग १९९५ चा नोव्हेंबर आणि 'स्लॉटर ऑफ द सोल', आत्म्याची कत्तल. फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉम यांच्या ध्वनिगृहात ती मुद्रित झाली. अकरा गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम चौतीस मिनिटे. आमच्या शाळेचा तास याहून मोठा असतो. या चौतीस मिनिटांत एकही रेघ फुकट गेलेली नाही. चाल येते, चावते आणि जाते. तुम्ही मागे वळून पाहीपर्यंत पुढची आलेली असते. मध्ये एकदाच, साध्या लाकडी गिटारीवर, शब्दांवाचून दोन-अडीच मिनिटांची एक विश्रांती आहे. बाजारातून परतताना ओझे खाली ठेवून वाटेवरच्या पारावर टेकावे तशी. आणि लिंडबर्गचा आवाज! इतर लोक पोटातून गुरगुरतात. हा गळ्याच्या वरच्या टोकाला चढून, फाटलेल्या कापडासारखा ओरडतो. त्यात धमकी नाही. मला लहानपणी पाहिलेला एक शाहीर आठवतो. त्याचा आवाज बसला होता आणि तरी तो थांबायला तयार नव्हता. जत्रेतले लोक पोवाडा ऐकायचे सोडून त्या माणसाकडेच पाहत राहिले होते. इथे तसेच होते. आपल्या जुन्या पंडितांनी रौद्र, भयानक, बीभत्स असे वेगवेगळे कप्पे केले आहेत. ही तबकडी वरून रौद्राची वाटते. मी म्हणतो, ती करुणाची आहे.

दोष सांगायचे नाहीत तर परीक्षण कशाला? शब्दांची संपत्ती तोकडी. आंधळेपणा, मरण, थंडी, राख, पुन्हा मरण. जगणे नकोसे झाल्याचा सूर सगळीकडे. वर्गात एखादा मुलगा पेटीतली काळी वडी तेवढी झिजवतो आणि बाकीचे रंग कोरे ठेवतो, तसे. त्या मुलाला मी रागावत नाही, घरी काय चालले आहे ते विचारतो. पण चित्र पाहणाऱ्याला काळ्यापलीकडे काही दिसत नाही हे खरेच. दुसरा दोष अधिक खोलातला आहे. ही तबकडी इतकी तासली गेली की तिच्यात आता चुकायला जागाच उरली नाही. पहिल्या तबकडीतले ते व्हायोलिन इथे कोठून शिरणार? सारे जग हिला त्यांची सर्वश्रेष्ठ कृती म्हणते, भाचाही म्हणतो. मी सर्वांत रेखीव म्हणेन. श्रेष्ठ म्हणताना माझी जीभ अडखळते.

आणि नेमके या यशावर सगळे मोडले. मला वाटले होते, मोडण्यामागे काही भांडण असेल, पैशाची अफरातफर असेल, एखादी बाई तरी असेल. आम्हां कादंबरीकारांना असेच काही सुचते. तसे काही नव्हते. तबकडी गाजली, दूरचित्रवाणीवर दिसली, १९९६ साली अमेरिकेचे दौरे झाले. दौरा म्हणजे गाडीत झोपणे, मिळेल ते खाणे, रोज रात्री तीच चौतीस मिनिटे, आणि हाताशी पैसा म्हणाल तर फारसा नाही. वर प्रकाशकांना पुढची तबकडी हवीच. अँडर्स थकला. तेवीस वर्षांचा पोरगा, पण थकला, आणि "पुरे" म्हणाला. चालींचा झराच तो. तो गेल्यावर बाकीच्यांनी ओढून काय करायचे? सहा वर्षांत खेळ आटोपला.

पण पुढचे ऐका. थोड्याच काळात दोघे जुळे भाऊ आणि ढोलवाला एरलँडसन 'द हाँटेड' या नव्या मंडळीत एकत्र दिसले. पाचांतले तीन! बाहेर राहिले लार्सन आणि लिंडबर्ग. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. तरी माझ्यातल्या लेखकाला इथे थांबावेसे वाटले. एकत्र कुटुंब मोडताना भावाभावांची चूल पुन्हा एक होते आणि चुलतभाऊ मात्र ओसरीवर बसून राहतो, हे आपण पाहिलेले आहे. लिंडबर्ग ओसरीवर बसला नाही एवढेच. तो या मंडळीत गेला, त्या मंडळीत गेला, 'डिसफिअर', 'लॉक अप' अशी अनेक नावे भाच्याला पाठ आहेत. आणि शाळेत शिकवू लागला.

इकडे मोडलेल्या मंडळीचे नाव मात्र वाढत चालले. २००० नंतर अमेरिकेत पोरांच्या कितीतरी मंडळ्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी 'स्लॉटर ऑफ द सोल'मधल्या चालींची उचल केली. काही तर तसाच आवाज मिळावा म्हणून नॉर्डस्ट्रॉम यांच्याच ध्वनिगृहाच्या पायऱ्या चढल्या. मूळ माणसे घरी आणि त्यांची नक्कल गावोगाव! आमच्याकडे एखादी नाटक कंपनी बंद पडावी आणि तिच्या पदांवर पुढची तीस वर्षे दहा बँडपथके लग्ने वाजवीत फिरावीत, तसा प्रकार.

२००७ साली त्यांनी जाहीर केले की आम्ही पुन्हा जमतो आहोत. मात्र एका उन्हाळ्यापुरते. नवी तबकडी काढणार नाही, निरोप नीट घ्यायचा राहिला होता तेवढा घेणार. २००८ साली तो निरोप झाला. अँडर्सने स्वतः या साऱ्या प्रवासाचा बोलपट तयार केला. तो २०१० साली निघाला. त्यात ही पाच माणसे आपल्या मोडण्याविषयी ज्या संकोचाने बोलतात ते पाहण्यासारखे आहे. घटस्फोट झालेली जोडपी मुलांच्या लग्नात एकमेकांना वाढतात, तसे. निरोप अर्थातच टिकला नाही. २०१४ साली 'ॲट वॉर विथ रिॲलिटी' आली, एकोणीस वर्षांनंतर.

येथून पुढचा भाग मला सर्वांत प्रिय आहे, आणि ऐकणाऱ्यांना बहुधा सर्वांत कमी. कारण येथे गाण्याचा मास्तर शाळेच्या मास्तराला भेटतो. ज्याच्या शब्दांत पूर्वी एकच काळी वडी होती, तो या मधल्या वर्षांत वाचत बसला होता. २०१४ ची तबकडी बोर्हेस, मार्केझ, साबातो या दक्षिण अमेरिकेच्या लेखकांच्या छायेत लिहिलेली आहे; तिचा आरंभच स्पॅनिश भाषेतल्या बोलाने होतो. २०१८ च्या 'टू ड्रिंक फ्रॉम द नाइट इटसेल्फ'चा पाया पेटर व्हाइस यांची तीन खंडांची कादंबरी. हे व्हाइस हिटलरच्या राज्यामुळे परागंदा होऊन स्वीडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन लेखक. त्या कादंबरीच्या आरंभी, १९३७ साली, बर्लिनच्या संग्रहालयात तीन तरुण प्राचीन पेर्गामोनच्या वेदीवरची शिल्पे पाहत उभे आहेत. देव आणि राक्षस यांची ती लढाई. कष्टकऱ्यांच्या वस्तीतली ही पोरे. एकमेकांत बोलताहेत की हे दगड कोणी वाहिले, कोणी घडवले, आणि त्यावर हक्क कोणाचा. कलेकडे पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागते काय, असा तो प्रश्न आहे. मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला तो प्रश्न किती आतला आहे हे मी सांगायला नको. सभासमारंभांत "आपले शिक्षण?" असे कोणी विचारले की मी अजूनही चहाच्या कपात पाहतो.

आणि २०२१ ची 'द नाइटमेअर ऑफ बीइंग'. अँडर्स तेव्हा पुन्हा बाहेर गेलेला होता. चाली योनासच्या मुख्यतः. या तबकडीत मध्येच सॅक्सोफोन वाजतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुर्चीवरून उठलो. हे तेच! १९९२ चे व्हायोलिन, जे तासून काढले होते, ते एकोणतीस वर्षांनी दुसरे वाद्य घेऊन परत आले होते. माझी कापलेली सत्तर पाने मला परत मिळाली नाहीत. या लोकांना त्यांची मिळाली. येथे गती मंद आहे, काही गाणी लांबतात, आणि मनुष्यजन्मच मुळात चूक आहे या विचाराभोवती घोटाळणारे शब्द मला पटत नाहीत. संध्याकाळी पोरे पटांगणात खेळताना पाहणाऱ्याला ते कसे पटावे? पण न पटणारा विचार माणूस किती प्रामाणिकपणे भोगतो आहे ते या आवाजात ऐकू येते. माझ्या लेखी ही त्यांची खरी तबकडी. भाचा हे ऐकून कपाळाला हात लावतो. लावू दे.

२०२२ साली अँडर्स परत आला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये लिंडबर्गला कर्करोग निघाला. तोंडाचा आणि टाळूचा. ज्या जागेवर त्या माणसाचे सारे उभे होते, नेमक्या त्या जागी. टाळूचा मोठा भाग कापावा लागणार होता. शस्त्रक्रियेच्या आधी, एकाच दिवसात, त्याने पुढच्या तबकडीची सगळी गाणी गाऊन ठेवली. १६ सप्टेंबर २०२५ रोजी तो गेला.

तो एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मी शाळेत फळ्याशी उभा असतो, मुले पणत्यांची रांग काढीत असतात, आणि मी विचार करीत असतो की त्या दिवशी सकाळी तो काय खाऊन निघाला असेल. गाण्यांचा क्रम कसा लावला असेल? अवघड आधी, की सोपे आधी? आपण परीक्षेच्या मुलांना सोपे आधी सोडवा म्हणून सांगतो.

भाच्याचीही एक मंडळी होती, हे मला त्या सप्टेंबरानंतरच कळले. चौघे जण, एकाच्या घरच्या गॅरेजमध्ये तालीम करीत. एकाला बंगळूरला नोकरी लागली, दुसऱ्याच्या वडिलांनी ढोल विकायला लावला, आणि ते मोडले. वर्षभर मी ज्या पोराला "आवाज कमी कर" म्हणत होतो त्याचा आवाज केव्हाच बंद झालेला होता. तो फक्त ऐकत होता. "सांगितले का नाहीस?" मी विचारले. म्हणाला, "तुम्ही विचारले नाहीत, मामा."

परवा हिने चकल्या तळायला घेतल्या तेव्हा तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात वहीचा कागद, त्यावर एक नाव मराठीत लिहिलेले. चौघांपैकी तिघे दिवाळीत गावी येणार आहेत म्हणे. "मामा, याची अक्षरे काढून द्याल? पारंब्यांसारखी?" मी विचारले, "वाचता आली पाहिजेत ना?" तो म्हणाला, "नकोत." मी टाक पुसला, शाईची बाटली उघडली, आणि त्याला खोलीत जाऊन ती सॅक्सोफोनची तबकडी मोठ्याने लावायला सांगितले.